भोंग्याआधीची हाजिरी

मैनाबाईला राग आला की ती डोक्यावरचं घमेलं खाली ठेवायची. त्या दिवशी तर तिनं ते आदळलंच! नवरा बाबुलाल म्हणत होता, सुनेला, गुलाबला, शनिवारच्या गाडीनं भंडाऱ्याला पाठवून देऊ. कारण सुखराम. बाईमाणसावर हात टाकला म्हणून तीन वर्षं जेल भोगून तो आता भिलाईच्या त्यांच्या मजूर कॅम्पात राहायला आला होता. दर रविवारी दुर्गच्या ठाण्यात हाजिरी द्यायची, एवढंच त्याच्यावर बंधन. बाकी सहा दिवस तो मोकळा, आणि बाया जीव मुठीत धरून.

"गुन्हा त्याचा, अन् गाव पोरीनं कावून सोडावं?" मैनाबाई कडाडली. "ते कुठीच जात नाही!"

कॅम्पानं ओरड केली तेव्हा दुर्गच्या साहेबांनी हाजिरीचा नियम पुन्हा तपासायला सांगितलं. गुरुवारी कॅम्पातल्या पोलीस चौकीवर बैठक भरली. जमादार दौलतराव, हापिसातले कारकून नरहरी आणि चार मुकादम. बायांना बोलावणं नव्हतंच. मैनाबाई दहाजणींना घेऊन दारातच बसली. नरहरींनी चष्मा पुसून मसुदा वाचला: हाजिरी रोज, इथल्याच चौकीवर, कारखान्याच्या सकाळी सहाच्या भोंग्याला. मुकादमांनी माना डोलावल्या. कॅम्पात जेवण, झोप, भांडण, सगळं भोंग्यावर चालायचं.

मैनाबाईला हसूच फुटलं. "भाऊ, भोंगा वाजते तवा आमी चुलीपाशी असतो. लोटा घेऊन नाल्याकडं जातो चार वाजता, अंधारात. भेव तवाचं हाय. भोंग्याले बलावून का त्याची आरती करता?"

नरहरींचे कान लाल झाले. इतकी शिकलेली माणसं, पण एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. त्यांनी सहाचा भोंगा खोडला आणि लिहिलं: चार ते सहा. तोवर चौकीच्या बाकावरून हलायचं नाही.

आता दौलतराव घाबरले. "बाई, चार वाजता मले कोण उठवील?"

"आमी हावो ना!" दहाजणी एकदम म्हणाल्या.

शुक्रवारी नरहरी स्वतः सायकल मारत दुर्गला गेले आणि साहेबांची सही घेऊन आले. शनिवारी चारला चौकीच्या पत्र्यावर दहा लोटे असे दणाणले, की दौलतराव उलटा सदरा घालूनच बाहेर पडले. सुखराम कंदिलाखाली, बाकावर, मान खाली घालून बसला होता. बाया हसत हसत पुढे निघाल्या. गुलाब तर पार पुढे, एकटीच. "थांब गं!" म्हणायला मैनाबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. किती दिवसांनी पोर अशी झपाझप चालत होती! मैनाबाईचे डोळे भरून आले.

घरी बाबुलालनं बांधलेली गुलाबची वळकटी दारातच होती. मैनाबाईनं ती सोडली आणि आतली सतरंजी त्याच्याच अंगावर टाकली.

"निजा आता, भोंगा होईस्तोवर."