सोळा पानं कमी

मी कादंबरी बोलतेय. सातशे चार पानांची, कापडी पाठीची, मुखपृष्ठावर दोन चंद्र असलेली. माझ्यात एक नदी आकाशाकडे वाहते आणि एक नावाडीण त्या नदीतून माणसांना दुसऱ्या चंद्रावर पोचवते. असलं अद्भुत काही वाचायला तुम्हाला फार आवडतं, असं तुम्ही चारचौघांत सांगता. चारचौघांत तुम्ही बरंच काही सांगता. बारा वर्षं मी ते मुकाट्याने ऐकलं. आता माझं ऐका.

जन्मापासून सांगते, कारण खोट तिथलीच आहे. बांधणीच्या कारखान्यात सोळा-सोळा पानांचे गठ्ठे टेबलावर ओळीने मांडलेले असतात. त्यांना फर्मे म्हणतात. बांधणारा एकेक उचलून रचत जातो. माझ्या वेळी तो मेव्हण्याशी फोनवर भांडत होता. "तुझ्या बहिणीला तूच समजाव," असं म्हणता म्हणता त्याने एकोणिसावा फर्मा दोनदा उचलला आणि विसावा उचललाच नाही. झालं! माझ्यात पान दोनशे एकोणनव्वद ते तीनशे चार दोनदा आहेत, आणि तीनशे पाच ते तीनशे वीस मुळीच नाहीत. पोटात एवढं भगदाड घेऊन मी दुकानात पाठ ताठ करून उभी राहिले. उघडून कोण बघतंय!

मला पहिल्यांदा घेतलं एका दंतवैद्य बाईंनी. का, तर माझी निळी पाठ त्यांच्या दवाखान्यातल्या सोफ्याला शोभत होती. घरी नेल्या नेल्या त्यांनी मला पांढऱ्या चादरीवर झोपवलं, शेजारी कॉफीचा कप ठेवला, चष्मा काढून माझ्या पोटावर टाकला आणि फोटो काढला. खाली लिहिलं, ‘सध्या वाचतेय. हातातून सुटत नाही.’ चारशे बारा जणांना ते आवडलं. मग मी हातातून सुटले, ती दवाखान्याच्या कपाटात. तिथे दाढदुखीने कळवळणारी माणसं माझ्याकडे बघत बसायची. त्यातल्या एकानेही मला हात लावला नाही. दाढ दुखत असताना वाचत नाही, ते एक वेळ समजू शकते. दाढ बरी असताना कुठे वाचतात?

दोन वर्षांनी सोफा बदलला आणि मी नकोशी झाले. बाईंनी मला दिराच्या हवाली केलं.

"भाऊजी, तुम्हाला अशी पुस्तकं लागतात ना?"

"वहिनी, ही? ही तर माझी सगळ्यांत लाडकी! तीनदा वाचलीय."

मी आत्ताच त्यांच्या हातात आले होते. बाईंचं पाहून मीही त्यांना भाऊजीच म्हणते, आदराने नव्हे. भाऊजींनी मला पान एकसष्टपर्यंत वाचलं. माणसाला बढाईही मेहनतीने मारता येत नाही, याचं मला तेव्हापासून नवल वाटतं.

भाऊजींचा एक वाचक गट होता. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहा-बारा माणसं गोल करून बसत. आधी प्रत्येकाने ‘सध्या काय वाचतोय’ ते सांगायचं, मग ‘सर्वांत आवडतं’ सांगायचं. एक जण परग्रहावरच्या युद्धाबद्दल बोले, दुसरा मान डोलवे. मान डोलावण्याची कला त्या खोलीत पराकोटीला पोचली होती. भाऊजी मला वर धरून म्हणत, "हिच्यात जे आहे ते शब्दांत सांगता येत नाही." ते मात्र अगदी खरं होतं.

त्या खोलीच्या कोपऱ्यात एक माणूस चष्म्याच्या काचा घासत बसलेला असे. काम अडलेलं असलं की तो रविवारीही येई. पन्नाशीचा, मान खाली, बोटांना कायम पांढरी भुकटी. गटात त्याला कोणी धरत नसे. एका रविवारी सगळे उठल्यावर तो भाऊजींना म्हणाला, "साहेब, हे पुस्तक आठ दिवस मिळेल का? ताईला वाचून दाखवीन."

"न्या की! पण सांभाळून. माझा जीव आहे त्यात."

त्या जिवाची आठवण भाऊजींना पुढे तीन महिने झाली नाही.

काचवाल्याची ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेलेले. भाऊ जन्मभर लोकांच्या काचा घासत आला, पण तिच्या कामाची काच काही निघाली नाही. रोज सहाला तो घरी येई, हात धुवे, चहा टाके आणि मला उघडे. एकेक शब्द वाचे, अडखळला की मागे जाऊन पुन्हा वाचे. माझ्या एकसष्टच्या पुढच्या पानांना पहिल्यांदा माणसाच्या बोटांची ऊब लागली. तरी मी नाक मुरडलंच. म्हटलं, बघू या, हा कुठल्या पानावर दमतो.

तीनशे चार पान आलं. नावाडिणीची नाव सुटायची वेळ झालीय, आई काठावर उभी आहे. नावाडीण वल्हं खाली ठेवते, आईकडे बघते आणि म्हणते... तिथे पान संपतं. काचवाल्याने पान उलटलं आणि वाचत राहिला.

"थांब रे," ताई म्हणाली. "हे तू परवाच वाचलंस."

"छे, पुढचं पान आहे."

"परवाच वाचलंस. बाजारात कंदील घेते ते. डोळे गेलेत माझे, डोकं नाही."

काचवाल्याने आकडे तपासले आणि त्याचा चेहरा पडला. बारा वर्षांत माझी खोट कोणाला सापडली, तर जिने मला बघितलंही नव्हतं तिला!

पुढची पानं त्यांनी शेवटपर्यंत वाचली, पण ताईच्या मनातून ते जाईना. जेवताना, कपडे घडी करताना एकच. "ती आईला काय म्हणाली असेल रे?" ताईची स्वतःची मुलगी अकरा वर्षांपूर्वी दूरच्या देशात गेली होती. निघताना दारात मायलेकींचं काय बोलणं झालं, ते भावाने कधी विचारलं नाही, ताईने कधी सांगितलं नाही. महिन्यातून एकदा फोन येई, हवापाण्याचा.

"साहेबांनी तीनदा वाचलंय," काचवाला म्हणाला. "त्यांनाच विचारू."

रविवारी तो ताईला हाताला धरून गटात घेऊन गेला. मी तिच्या मांडीवर होते. तिने विचारलं, "नाव सुटताना ती आईला काय म्हणते? आमच्या पुस्तकात तेवढी पानंच नाहीत."

भाऊजींनी घसा खाकरला. "तो... तो फार मोठा क्षण आहे. ती म्हणते, मी परत येणार नाही. आणि ते ऐकून आई नदीत उडी घेते. त्याग!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "तिथे मी रडलो होतो."

"असं?" ताई म्हणाली. "मग पान तीनशे चाळीसवर स्वयंपाकघरात भांडी कोण आपटतंय?"



"तो तिचा आत्मा आहे," भाऊजी म्हणाले.

"आत्मा आमटीत मीठ कमी पडलं म्हणून ओरडतो होय?"

आधी एकाला हसू फुटलं, मग सगळेच हसले. रडलेला गृहस्थ सर्वांत मोठ्याने. भाऊजी कानापर्यंत लाल झाले. मला उकळ्या फुटल्या असत्या, पण ताई हसत नव्हती. ती फक्त म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही. बरं. चल रे." तिची निराशा पाहून मला पहिल्यांदा चपराक बसली. कारण ते मलाही माहीत नव्हतं. ज्या गोष्टीचा तोरा मिरवत मी जगाला तुच्छ लेखलं, ती मला तरी कुठे पुरी ठाऊक होती?

दहा-बारा दिवसांनी संध्याकाळी दार वाजलं. भाऊजी उभे होते, हातात माझी नवी कोरी जुळी बहीण. "हे घ्या," ते म्हणाले. "मी उघडलेलं नाही." मग दारातच घुटमळले. "बसू का थोडा वेळ? मलाही ऐकायचंय."

काचवाल्याने तीनशे पाच पान काढलं. मीही कान टवकारले. नावाडीण आईला म्हणाली, "मागे सरक, तुझी चप्पल भिजेल."

"एवढंच?" भाऊजी म्हणाले.

"एवढंच आहे," काचवाला म्हणाला.

ताईने हात पुढे करून त्या पानावरून बोटं फिरवली. मग म्हणाली, "बरोबर आहे. माझी म्हणाली होती, गॅस बंद केलास का ते बघ." तिने पदराने डोळे पुसले. "मी अकरा वर्षं वाट बघतेय, की ती आणखी काहीतरी म्हणाली असेल आणि मला ऐकू आलं नसेल. वाच पुढे."

त्याने सोळाही पानं वाचली. भाऊजी जागेवरून हलले नाहीत. भारावले असतील, पण म्हणून माझं मत बदललं असं समजू नका. पुढच्याच रविवारी त्यांनी गटात सांगितलं म्हणे, "सध्या चौथ्यांदा वाचतोय."

आता ताईच्या उशाशी नवी प्रत असते. मी खिडकीच्या फटीत उभी असते, झडप वाऱ्याने आपटू नये म्हणून. या कामाला पानं मोजून लागत नाहीत. ऊन खाऊन माझे चंद्र फिके पडलेत. तक्रार नाही.

विनंती एकच. कोणी विचारलं, सध्या काय वाचताय, तर खरं सांगा, काहीच नाही. त्यात लाज कसली? आमच्यापैकी कोणाला खांद्यावर घेऊन मिरवण्यापेक्षा ते शंभरपट बरं. असं म्हणणारा एखादा भेटला, तर त्याच्यासाठी मी माझी जन्माची तुच्छता बाजूला ठेवायला तयार आहे.

अजून भेटलेला नाही. आत्ताही खिडकीबाहेर शेजारीण फोनवर मैत्रिणीला सांगतेय, की ती सध्या एक पुस्तक वाचतेय, आयुष्य बदलून टाकणारं. नाव मात्र तिला आठवत नाहीये.