परिषदेची खोली

कुंताला नर्सच्या शिक्षणाला चंद्रपूरला पाठवायचं, असं ओसरीवर ठरलं आणि गुरुजी उठून आतल्या खोलीत गेले. मी दाराबाहेर थांबले.

त्या खोलीत गोकुळाबाई, गुरुजींची पहिली बायको, होत्या. म्हणजे खुंटीवर त्यांचं अर्धवट विणलेलं मासे धरायचं जाळं होतं. कुंता रांगत होती तेव्हा त्या गावच्या तलावात बुडाल्या. नंतर मी या घरात आले. त्या खोलीत मात्र कधी पाऊल ठेवलं नाही.

गुरुजी, माझे यजमान, शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. कायदेमंडळाला दोन सभागृहं असली की त्याला द्विगृही म्हणतात, हे मी त्यांच्या शिकवणीत, तांदूळ निवडता निवडता ऐकलेलं. एकानं घाईत ठरवलं, तर दुसरं थांबून विचार करतं. शेजारची बुधरी म्हणायची, "गुरुजी, तुमचं घर बी तसंच. हे बाई विधानसभा, अन् ते आतली परिषद."

गुरुजी हसत नसत. "परिषद कधी बरखास्त होत नाई, बुधरी."

ते बाहेर आले. "नाई म्हंते गोकुळा."

"काऊन?"

"पोरगी नजरेआड नाई पाह्यजे म्हंते."

चुलीपाशी बसलेली कुंता उठली. भरलेल्या पेटीतून एकेक कपडा काढून दोरीवर टाकू लागली. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

"गुरुजी, विधानसभेनं तेच विधेयक परत मंजूर केलं तं?" मी विचारलं.

"तं परिषदेले उशीर करता येते. अडवता नाई येत."

"मंग म्या केलं परत मंजूर."

"लोक म्हन्तीन, सावत्र मायनं हाकलली."

"म्हनू द्या."

दुसऱ्या दिवशी कुंताला एसटीत बसवून गुरुजी परतले. सवयीनं आतल्या खोलीपर्यंत गेले आणि उंबऱ्याशीच थांबले.

"तूच सांग तिले," म्हणाले.

मी पहिल्यांदा आत गेले. खिडकी नव्हती. सुताचा जुनाट वास होता.

"बाई, पोरगी गेली. राग धराचा तं माह्यावर धरा."

खुंटीवरच्या जाळ्याला हात लावला. मिरग अजून लागायचा होता, तलावाला भेगा पडल्या होत्या. त्या अर्धवट जाळ्यानं कधीच पाणी पाहिलं नव्हतं. त्याची खालची कड माझ्या बोटांना ओली लागली.

गुरुजींना मी काही सांगितलं नाही. पदरानं ती कड पुसली आणि बाहेर येताना दार उघडंच ठेवलं.