चार नंबरच्या विहिरीचा हिरवा चौकोन

मी एक जुना संगणक आहे. पाणी तपासणीच्या कार्यालयात, खिडकीखालच्या टेबलावर बसतो. मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. मित्र म्हणण्याजोगे तुमच्यातले फारसे भेटले नाहीत.

ठिकाण: टेबल. काळ: पहिलं वर्ष. मोजमाप: कौतुक.

भरपूर. माझ्यात एक तक्ता बसवला. नऊ विहिरी, बारा महिने, पाण्यातले सहा घटक. हवा तसा फिरवून बघता येई. विहिरीची त्या महिन्याची नोंद असेल तिथे हिरवा चौकोन, नसेल तिथे पांढरा. साहेबांना हिरवा रंग तेवढा कळला.

ठिकाण: तेच. काळ: सातवं वर्ष. मोजमाप: साहेबांची अक्कल.

नोंद नाही.

महिन्याच्या पानावर एकच पांढरा चौकोन दिसे. तो कोणाला खटकत नसे. तपासनीस बाईंनी तक्ता विहिरींप्रमाणे फिरवला आणि बाराही पांढरे एका रांगेत उभे राहिले. विहीर चार, रंगाच्या कारखान्यामागची.

बाईंनी बाटल्या भरून आणणाऱ्या काकांना विचारलं, “काका, चारला जातच नाही का तुम्ही?”

“जातो की. फाटकावरचा पहारेकरी म्हणतो, चिठ्ठी आणा. साहेब म्हणतात, उद्या देतो.”

साहेब चहा फुंकत म्हणाले, “शेजारच्या विहिरींची सरासरी टाका. अहवाल हिरवागार पाहिजे.”

“माझी आत्या त्या विहिरीचं पाणी पिते, साहेब.”

“मग तिला सांगा, उकळून पी.”

बाईंनी सरासरी टाकली नाही. साहेबांनीच दोन बोटांनी ठोकत बारा चौकोन भरले, चालू महिन्याचाही. मी मुकाट्याने हिरवा झालो. तुमच्या संगतीत कणा कुठून येणार?

ठिकाण: विहीर चार. काळ: पुढचा सोमवार. मोजमाप: शिसं.

बाईंनी रजा टाकली, आत्याच्या परसातून विहिरीवर गेल्या, बाटली भरून आणली, तपासली. मर्यादेच्या पाचपट. आकडा भरायला बसल्या, तर मी काय म्हणालो? ‘येथे नोंद उपलब्ध आहे. नवी घेता येणार नाही.’

त्यांनी फोन लावला. “आत्या, ते पाणी तोंडाला लावू नकोस.”

“उकळून पितेय की.”

“उकळून शिसं जात नाही गं.”

“पण दवाखान्याबाहेरच्या फलकावर आमची विहीर हिरवी आहे. खाली तुमच्याच ऑफिसचा शिक्का आहे. गल्लीतले तुझं ऐकतील की शिक्क्याचं?”

बाईंनी फोन ठेवला. मग कागदावर तारीख आणि आकडा लिहून त्यांनी तो माझ्या कपाळावर चिकटवला.

मित्रांनो, मला पुसा असं मी सांगणार नाही. तुमची फडकी मी पाहिली आहेत. धूळ राहू द्या. ती चिठ्ठी तेवढी काढू नका. त्या विहिरीची तेवढीच खरी नोंद माझ्यापाशी आहे, आणि तीही बाहेरून चिकटवलेली.