उन्हात घातलेली फुलपाखरं

घरातले सगळे तिला पाठीमागे फौजदारीण म्हणत, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. नावाला जागायचं म्हणून ती कुणाची गय करत नसे. नवऱ्याची तर नाहीच. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी जाळी घेऊन फुलपाखरांमागे धावायचा. "लोक बायकामुलांना फिरायला नेतात, आमचे हे किडे पळवायला जातात," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. त्याच्या काचेच्या पेट्यांनी तिचं कपाट कधीच गिळलं होतं. तिचे कपडे ट्रंकेत आणि किडे कपाटात, असा त्यांचा संसार.

आता म्हातारा खुबा मोडून घेऊन बसला होता. दोघांनी मुलाकडे राहायला जायचं ठरलं होतं. तिथे दोन माणसांना जागा होती, पेट्यांना नव्हती. म्हाताऱ्याने संग्रहालयाला कळवलं होतं आणि आज तिथल्या बाई पेट्या बघायला यायच्या होत्या. पसंत पडल्या तर त्या नेणार, नाहीतर पेट्या भंगारात. म्हातारा सकाळपासून दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसला होता. मुलगी दाखवायची असल्यासारखा.

फौजदारीण मात्र बाई येऊच नयेत म्हणून देवाला सांगत होती. म्हातारा इस्पितळात असताना तिला पेट्यांच्या कोपऱ्यांत भुकटी दिसली होती. कसर! आता डाळीला कीड लागली की माणूस काय करतो? ऊन दाखवतो. तिनेही दाखवलं. म्हातारा घरी येईपर्यंत रोज दुपारी पेट्या गच्चीवर, गाद्यांच्या शेजारी. कीड गेली, पण तिच्यामागोमाग रंगही गेला. पिवळी होती ती पांढरी पडली, तांबडी होती ती चहा सांडल्यासारखी झाली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे त्याला अजून पत्ता नव्हता.

"आई, बाबांना आधीच सांगून टाकू या का?" आवराआवरीला आलेल्या सुनेने हळूच विचारलं.

"तू गप्प बस. तुला काय जातंय? तुझा नवरा साधी तिकिटं गोळा करत नाही."

बाई आल्या. बाई कसल्या, पोरगीच. चहा नको म्हणाली, पाणी प्यायली आणि थेट पहिली पेटी उघडून भिंग डोळ्याला लावलं. मग दुसरी पेटी उघडली.

"या उन्हात होत्या का?"

"उन्हात? छे छे!" म्हातारा हसला. "अहो, खिडकीचा पडदासुद्धा कधी सरकू दिला नाही मी."

फौजदारीण कमरेवर हात ठेवून पुढे आली. "होत्या. मी घातल्या. कीड लागली होती, ऊन दाखवलं. काय गुन्हा असेल तो माझ्या नावावर मांडा. यांना काही बोलू नका, हे तेव्हा पायाला वजन बांधून पडले होते."

म्हाताऱ्याचं हसू तिथेच थांबलं. "सगळ्या?"

"सगळ्या."

"पिवळी?"

"पांढरी झाली."

तो इस्त्रीच्या सदऱ्याचं बटण चाचपत राहिला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं.

पोरीने चिमट्याने एक फिकं फुलपाखरू टाचणीसकट अलगद उचललं आणि आडवं धरलं. पंखांखाली, त्याच टाचणीत, नखाएवढी चिठ्ठी ओवलेली होती. त्यावर म्हाताऱ्याचं मुंगीसारखं अक्षर.

"नाक्यामागची टेकडी," तिने वाचलं. "म्हणजे आता गोदामं आहेत ती?"

"तीच," म्हातारा पुटपुटला.

"हे फुलपाखरू तिथे होतं? आमच्याकडे तशी कुठेच नोंद नाही." पोरीचा आवाज उत्साहाने चढला. "आजी, आमच्याकडे लोक रंगीत फुलपाखरं ढिगाने आणून देतात. भिंतीवर लावलेली, झकास. पण कुठली, कधीची, विचारलं तर गप्प. ती नुसती शोभा."

"पण यांचा तर रंग गेला ना!"

"गेला. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण रंग दुसरीकडच्या फुलपाखरांवरून कळतो. ही टेकडी मी दुसरीकडून कुठून आणू?" तिने भिंग पुन्हा लावलं. "आणि पाय बघा, सगळे शाबूत. एवढ्याशा पायातून आज प्रयोगशाळेत त्याचं अख्खं गोत काढता येतं. कसर लागलेल्या पेट्या येतात ना, त्यांत नुसत्या टाचण्या आणि भुकटी. त्यापेक्षा तुमची ही फिकी परवडली. आम्ही कीड मारायला पेट्या गोठवतो. ऊन मात्र पुन्हा दाखवू नका हं."

"पुन्हा कशाला दाखवीन? तुम्ही नेताय ना?" फौजदारणीने दटावूनच विचारलं.

"नेतेय की. सगळ्या. काही चिठ्ठ्यांवर ही दुसरी अक्षरं कुणाची?"

म्हातारा सावरून बसला. "दाखवा... नको, मला दिसायचं नाही. वाचा."

तिने वाचलं. म्हातारा एकेकाला ओळखत गेला: एक शिंपी होता, एक शाळेतली शिपाईण, एक बेकरीवाला. सुट्टीला सगळे टेकडीवर जमत, एकमेकांना फुलपाखरं देत, आणि जास्त करून भांडत. शिंपी कसा झुडपात पडला ते म्हाताऱ्याने साभिनय सांगितलं, खुबा विसरून. त्यांतलं कोण हयात आहे ते पोरीने विचारून घेतलं. तिला त्यांनाही भेटायचं होतं.

"बेकरीवाला आहे," म्हातारा म्हणाला. मग बायकोकडे मान वळवली. "अगं, तू त्या पेट्या गच्चीवर एकटीने नेल्यास?"

"नाहीतर काय, तुमची फुलपाखरं उडत गेली?"

म्हातारा खो खो हसला, आणि खुबा दुखला म्हणून कण्हलाही.

दुपारी गाडी आली. हमालांना कुठे धरा, कुठे नका, हे सांगत फौजदारीण खाली फाटकापर्यंत गेली. शेजारीण डोकावली. "काय हो, भंगार दिलंत वाटतं?"

"भंगार असेल तुमच्याकडे. संग्रहालयाची गाडी आहे ही. पाटी वाचा, वाचता येतं ना तुम्हाला?"

वर आली तर म्हातारा खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरत होता. तिने दुसरी खुर्ची त्याच्याजवळ ओढली, पाय पसरले आणि रिकाम्या कपाटाकडे बघत बसली. संध्याकाळपर्यंत तिने कुणालाही बोल लावला नाही. सून दोनदा येऊन तिच्या कपाळाला हात लावून गेली.