उजवीकडच्या चकरा

गाडी विकायचं गुरुवारी ठरलं आणि शनिवारी सकाळी दहाला लकडगंजचा प्लायवूडवाला ती घेऊन जाणार होता. मधे उरला एक शुक्रवार. तेवढ्या एका दिवसात दीप्तीला सिद्ध करायचं होतं, की गाडी अजून जिवंत आहे.

तशी गाडी म्हणजे काही राजाचा रथ नव्हता. अकरा वर्षांची, पांढरी, मागच्या काचेवर नूपुरच्या चिकट बोटांचे ठसे. पण रोशन, म्हणजे दीप्तीचा नवरा, चंद्रपूरला नोकरीला. घरी यायचा तो रविवारपुरता. शहराच्या कडेला, हुडकेश्वरच्या नव्या प्लॉटांच्या लेआउटमधून मोठ्या रस्त्यापर्यंत यायलाच पायी वीस मिनिटं, आणि ऑटोवाल्याला आत बोलावलं तर तो असा बघायचा, जणू त्याला जंगलात बोलावलंय. लसीकरण, दळण, माहेर, सगळं त्या गाडीच्याच जिवावर चालायचं.

आणि खरं कारण तर वेगळंच होतं. दहा महिन्यांची नूपुर दुपारी फक्त गाडीत झोपायची.

पाळणा करून झाला, साडीची झोळी करून झाली, मांडी हलवून हलवून दीप्तीचे गुडघे बोलायला लागले. शेवटी एका दुपारी सासरे, चंपतराव, पेपर तोंडावर घेऊन लवंडले असताना दीप्तीनं पोरीला मागच्या सीटवर तिच्या खुर्चीत बांधलं आणि लेआउटच्या मैदानाभोवती गाडी फिरवली. नकाशात तिथे बगीचा होता. प्रत्यक्षात मोकळी जमीन आणि मधोमध मारोतीचा एक ओटा. चौथ्या चकरेला नूपुरची मान कलली. आठव्या चकरेला दीप्तीनं गाडी सावलीत उभी केली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच गरम चहा गरम असतानाच प्यायली. थर्मासातला का होईना.

तेव्हापासून हे रोजचं झालं. चंपतरावांना सांगायचं, "बाबा, दही घेऊन येते." कारण भूमी अभिलेख कार्यालयात चौतीस वर्षं घासलेल्या चंपतरावांचं ठाम मत होतं, की गाडी कामाले असते, हिंडाले नाही. सहा महिन्यांत घरात इतकं दही आलं, की कढीचं नाव काढलं तरी चंपतरावांना ढेकर यायची.

आणि मग गाडीतून आवाज यायला लागला. वळलं की कट-कट-कट, कोणी चाकात बसून अडकित्त्यानं सुपारी फोडतंय असा. चंपतरावांनी गाडी त्यांच्या ओळखीच्या एका मेकॅनिककडे नेली. त्यानं खुर्चीतून न उठताच सांगितलं, "गिअरबॉक्स गेला, काकाजी. खोलून फायदा नाही." आणि भाजीवाल्याशी एका वांग्यासाठी अर्धा तास वाद घालणाऱ्या चंपतरावांनी यावर चकार शब्द काढला नाही. घरी आले, दोन फोन केले, प्लायवूडवाल्याला शब्द देऊन मोकळे झाले. आणि चंपतरावांचा शब्द म्हणजे सरकारी शिक्का. एकदा उठला की उठला.

शुक्रवारी सकाळी दीप्तीनं विषय काढला. "बाबा, एकदा दुसऱ्याला दाखवू या ना."

"काहून? त्यानं सांगतलं ना एकदा."

"त्यानं गाडीला हात तरी लावला का?"

"माह्या ओळखीचा आहे तो," चंपतराव म्हणाले. मग तिचा चेहरा पाहून जरा नरमले. "चल बाप्पा. पण मी तिथं तोंड उघडणार नाही."

बळीरामचं गॅरेज म्हणजे एक टिनाचं शेड आणि त्याच्यापुढे एक कडुनिंब. बळीराम पन्नाशीचा, बारीक. एक हात कायम काळा आणि दुसरा, चहा पिण्याचा, कायम स्वच्छ. त्यानं बॉनेट उघडलंच नाही.

"उभी गाडी काही सांगत नाही, ताई. चालवा तुमी, मी आयकतो. एसी बंद. काचा खाली. मोबाइल बंद. काकाजी, तुमी मांगं बसा. आणि ते बाळाचं खुळखुळं द्या इकडं."

खुळखुळा जप्त झाला. नूपुरनं ओठ काढला, पण गाडी निघाली तसा परत आत घेतला.

"सरळ चला." आवाज नाही. "आता डावीकडं पूर्ण स्टेअरिंग मारा, हळूहळू रेस द्या." गॅरेजमागच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी डावीकडे गोल फिरली. शांत. "आता उजवीकडं."

कट-कट-कट-कट.

बळीरामनं डोळे मिटले, गवयासारखी मान हलवली. "अजून एक चक्कर." कट-कट-कट. "अजून एक."

"पोट्टी झोपली," मागून चंपतराव हळूच म्हणाले. तोंड उघडणार नव्हते, पण राहवलं नाही.

बळीराम वळून नूपुरकडे पाहत राहिला.

दीप्तीनं झोपलेली नूपुर खांद्यावर घेतली आणि शेडमध्ये गाडी जॅकवर चढली. बळीरामनं पुढचं डावं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. "बेअरिंग चांगलं आहे." मग चाक काढलं आणि दीप्तीला जवळ बोलावलं. "हे पाहा." चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचा काळा गोल उडाला होता, पिचकारी मारल्यासारखा. आत एका दांड्याच्या टोकाला रबराची चुण्यांची टोपी होती आणि ती जुन्या मोज्यासारखी फाटली होती.

"हा एक्सल. गिअरबॉक्समधली ताकद चाकापर्यंत हाच नेते. टोकाले हा जॉइंट, म्हणजे चाक वळलं तरी फिरत राहते. हे रबराचं बूट फाटलं, ग्रीस उडालं, धूळ घुसली. आतल्या गोळ्या कोरड्या पडल्या, त्याच कटकट करून राहिल्या. गिअरबॉक्स गेलं असतं तर सरळ रस्त्यावरही रडलं असतं."

"म्हणजे गिअरबॉक्स चांगला आहे?" दीप्तीचा आवाज एवढा चढला, की नूपुर झोपेत दचकली.

"एकदम टकाटक. नुसतं ग्रीस भरून भागणार नाही पण. गोळ्यांनी आत खड्डे पाडले. जॉइंट नवा टाकू, पार्ट मागवतो."

फोन झाला. पार्ट येईपर्यंत बळीरामनं पान्याला लांब पाइप लावून चाकाचा मोठा नट सोडवला, खाली तेलासाठी परात लावली, आणि एक्सल असा अलगद बाहेर ओढला, जणू झोपलेल्या लेकराखालून हात काढतोय. दीप्तीला ते फार आवडलं. मग त्यानं उजव्या बाजूचा जॉइंट तपासला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"उजवं तर नव्यासारखं आहे जी. एकच बाजू काहून एवढी झिजली? उजवीकडं वळताना भार डाव्या चाकावर येते." त्यानं आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. "तुमी गाडी उजवीकडंच फिरवता का? गोल-गोल?"

दीप्तीनं नूपुरचं टोपडं सरळ केलं. मग परत सरळ केलं. "बाबा," ती म्हणाली, "मी दुपारी दह्यासाठी नव्हते जात. म्हणजे दही आणायचे, पण आधी मैदानाभोवती... ही झोपायची ना."

चंपतरावांनी टिनाच्या छपराकडे पाहिलं.

"किती चकरा?"

"आठ."

"माह्या बारा," चंपतराव म्हणाले.

"अं?"

"सकाळी तू आंघोळीले, सैपाकाले लागली की. तुले सांगत होतो, पोरीले मंदिरात नेतो म्हणून." त्यांनी घसा साफ केला. "नेतच होतो तसा. बाहेरून."

बळीरामनं पाठ फिरवली. त्याचे खांदे हलत होते.

"म्हणून तुम्ही गिअरबॉक्स ऐकून काही बोलला नाहीत?"

"मले वाटलं, माह्याच हातानं वाटोळं झालं गाडीचं. खोलून पाहिली असती तर त्यानं विचारलं असतं, काकाजी, काय करत होते म्हणून. काय सांगतलं असतं? म्हटलं, विकून टाकू, विषय मिटते."

"पण उजवीकडंच काहून जी?" बळीरामला काही केल्या ते पटेना. "कधी डावीकडं फिरवाची."

सासरा-सून एकदमच बोलले. "मधे मारोती आहे!"

"प्रदक्षिणा उलटी घालते का कोणी?" चंपतराव चिडून म्हणाले. बळीराम खाली बसून हसला, काळ्या हातानं डोळे पुसले, आणि गालांवर दोन काळ्या मिशा उमटवून घेतल्या.

पार्ट आला. नवा जॉइंट ठोकून बसवला, ग्रीस भरलं, नवं बूट, त्यावर पट्टी आवळली, चाक चढलं. प्लॉटवर उजवीकडे तीन चकरा झाल्या. आवाज म्हणाल तर टायरखालच्या खड्यांचा.

आणि तेव्हा दीप्तीला प्लायवूडवाला आठवला. शब्द तर दिलेलाच होता. आपण दिवसभर राबून प्लायवूडवाल्याचीच गाडी दुरुस्त केली की काय? तिनं आरशातून सासऱ्यांकडे पाहिलं. चंपतराव खिडकीबाहेर बघत होते. गाडी शेडपुढे थांबली तरी ते उतरले नाहीत. शेवटी त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला, आणि कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर सुरू केला.

"उद्या येऊ नका जी. गाडी देत नाही."

"काकाजी!" पलीकडचा माणूस खवळला. "शब्द दिला होता तुमी!"

"दिला होता." चंपतरावांच्या कपाळावर घाम होता, पण आवाज कार्यालयातला. "गिअरबॉक्स गेलेल्या गाडीचा दिला होता. तशी गाडी माह्यापाशी नाही."

"मग जशी आहे तशी द्या!"

"तिचा शब्द कुठं दिला मी तुमाले?"

फोन आपटल्याचा आवाज आला. चंपतरावांनी चष्मा काढला, पुसला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा शिक्का स्वतःच खोडला होता आणि त्यांना जरा धापच लागली होती. दीप्तीनं पाण्याची बाटली मागे दिली.

"काकाजी," बळीराम खिडकीत वाकला, "आता थोडं डावीकडंही फिरवत जा. नाही तर वर्षभरात परत याल."

"मारोतीले उलटं?"

"मारोतीले सोडा. दुसरं काही पाहा."

चंपतराव विचारात पडले. नूपुर जागी झाली होती आणि त्यांच्या शर्टाचं बटन चोखत होती.

"आपल्या लेआउटची पाण्याची टाकी," दीप्ती म्हणाली.

"टाकीवर देव आहे का कोणता?"

"नाही. नुसती जाहिरात आहे."

"मग जमते," चंपतराव म्हणाले. "दुपारी तू डावीकडून टाकी घे. सकाळचा मारोती माह्याकडं राहू दे."