कापडाचं कार्ड

लोरीन कॉर्कमने कंप्युटरचा डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवा केला, तेव्हा तिचे वडील एल्विन खारवलेल्या हेरिंग माशांची बरणी उघडत होते. रविवारची दुपार होती, लुनेनबर्ग गावच्या बंदरावर धुकं बसलं होतं आणि घरात टेबल एकच होतं.

"मी जेवायचं कुठे? ह्या मढ्यावर?"

"बशी मांडीवर घ्या, बाबा. थोड्या वेळात हलवते."

लोरीन दातांच्या दवाखान्यात नोकरी करायची. नवऱ्याशी काडीमोड झाल्यावर ती परत वडिलांकडे राहायला आली, ती एक बॅग आणि हा डबा घेऊन. दिवसभर लोकांचे उघडे जबडे बघून झाले की संध्याकाळी ती खोलीचं दार लावून कंप्युटरवर गोळीबाराचे खेळ खेळत बसे. एल्विन त्याला 'लोरीनची चांदमारी' म्हणत. स्वतः त्यांनी सगळी हयात शिडं शिवण्यात घातली होती. पडद्यावरच्या गोष्टींना ते हिशेबात धरत नसत.

डब्यात पडद्यावरचं चित्र काढणारं एक ग्राफिक्स कार्ड आधीच होतं, चांगलं दांडगं. आज ती त्याच्या खालच्या खाचेत दुसरं बसवत होती. दवाखान्यातल्या ड्वाइटने नवीन मशीन घेतलं आणि आपलं जुनं कार्ड तिला देऊन टाकलं होतं.

"एक आहे की. दुसरं कशाला?" एल्विननी काटा हेरिंगमध्ये खुपसत विचारलं.

"मोठं कार्ड चित्र काढणार. हे धाकटं कार्ड चित्र काढणारच नाही. ते नुसता हिशेब करणार. धूर कुठे वळेल, काच फुटली तर तुकडे कुठे उडतील, असला."

"म्हणजे एक रंगारी आणि एक कारकून."

"तसंच म्हणा."

"कारकून आला आणि धंदा सुधारला, असं मी तरी कुठे पाहिलं नाही बाई."

लोरीन हसली. तिने कार्ड खाचेवर धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. कट्‌ आवाज आला. डबा खोलीत नेऊन तिने बटण दाबलं. पंखे फिरले, घुरघुरले आणि सगळं एकदम गप्प झालं. पडदा काळा.

ड्वाइटचं कार्ड तर गेलंच, आपलंही गेलं की काय? तिने झाकण पुन्हा काढलं, आत बॅटरी मारली. मोठ्या कार्डाची विजेची वायर दुसऱ्याला जागा करताना ओढली जाऊन अर्धी निसटली होती. तिने ती घट्ट बसवली, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि परत बटण दाबलं. पडदा उजळला. सेटिंगमध्ये जाऊन तिने हिशेबाचं काम धाकट्या कार्डाकडे सोपवलं आणि खेळ सुरू केला.

ओस पडलेल्या इमारतीतला तो दिवाणखाना तिच्या पायाखालचा होता. उघड्या खिडक्या, धूळ, चार खांब. आज ती दारातून आत शिरली आणि तिचा हात माऊसवरच थबकला.

छतापासून जमिनीपर्यंत कापडं लोंबत होती. पांढरी, लांबच लांब, आणि हलत होती. फडफड नव्हे, झोपलेल्या माणसाची छाती हलते तशी. ती पुढे सरकली. कापड तिच्या खांद्यावर आलं, क्षणभर तिथे टेकलं आणि पाठीवरून घसरून मागे झुलत राहिलं.

"मागे जा." दारात एल्विन उभे होते, हातात बशी. "मागे जा आणि परत ये."

ती मागे गेली, परत आली. ह्या वेळी कापडाला वेगळी चुणी पडली.

"पुन्हा. आता धावत."

कापड फुगलं, उडालं, स्वतःभोवती गुंडाळून हळूहळू सुटलं. एल्विननी बशी पलंगावर ठेवली आणि खुर्ची ओढली.

"किती चित्रं काढून ठेवलीत ही?"

"काढलेलं काहीच नाही, बाबा. आत्ता, इथे घडतंय. तुम्ही जसे जाल तसं ते वागेल."

"कारकून?"

"कारकून."

"बंद करून दाखव त्याला."

तिने सेटिंग काढलं. दिवाणखाना पुन्हा बोडका झाला. "गेलं?" एल्विननी इतक्या हळू विचारलं की तिने घाईघाईने ते परत लावलं.

एवढ्यात खिडकीतून शत्रू उतरला आणि गोळ्या सुटल्या.

"अगं, कापड! कापड फाटेल!" एल्विन ओरडले.

फाटलंच. एक पट्टी तुटता तुटता राहिली, लोंबकळली आणि मग सुटून जमिनीवर घडीघडीने बसली. शत्रूने लोरीनला केव्हाच लोळवलं होतं. दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.

एल्विन उठून फोनपाशी गेले. शिडं शिवायच्या माळ्यावर जन्मभर त्यांच्या जोडीला बसलेल्या मरे झिंक ह्या दोस्ताला त्यांनी फोन लावला. "मरे, ये इकडे. नाही रे, मेलं कुणी नाही. कापड बघायला ये... प्यायलो नाही मी, गाढवा!"

मरे आला तो रबरी बुटांसकट. "लोरीन, बाप चळला की काय तुझा?" म्हणत तो आत आला आणि पडद्याकडे बघून तिथेच उभा राहिला. मग दोघा म्हाताऱ्यांची जुंपली. एल्विनच्या मते कापड हलकं होतं, मरेच्या मते ओलं. "शिवण कुठाय ह्याला? इतक्या रुंदीचा तागा निघतो कुठे?" मरे कुरकुरला. पण पुढचं कापड झुललं तशी त्याची कुरकुर विरून गेली. त्याने टोपी काढली.

"एल्विन, अख्ख्या जन्मात आपण वारा पाहिला तो कापडातच ना रे? इथे तर कापडही नाही आणि वाराही नाही."

"आणि तरी बघ."

"हो ना. तरी बघ."

लोरीनने मरेला डब्याची मागची बाजू दाखवली. त्याने तिथे पंजा धरला. ऊन हवेचा झोत बोटांवर येत होता. बराच वेळ त्याने हात काढला नाही.

"बाबा, तुम्ही चालवता?" लोरीन खुर्चीवरून उठली.

"मी? छे."

पण बसले. पहिल्यांदा भिंतीवर आपटले, मग खांबावर. मरे खदाखदा हसला. "समुद्रात कधी गावले नाहीत एवढे खडक सापडले तुला!" जाडजूड बोट एकाच बटणावर दाबून धरत एल्विन चालत गेले, आणि कापड समोरून येऊन त्यांच्यावर पडलं. सगळा पडदा पांढरा झाला. त्या पांढऱ्यात बारीक सावल्या वरून खाली सरकत होत्या.

"पुढे चला, बाबा. बाहेर निघाल."

"थांब जरा," एल्विन म्हणाले, आणि त्यांनी बटणावरचं बोट उचललं.