सर्व्हरची उत्तरपूजा

माझा धाकटा भाऊ उपेंद्र रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करतो आणि मी मुलींच्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. त्याला वाटतं मी इतकं शिकून मशीन पुसत बसते, मला वाटतं तो न शिकता लोकांना पुसत बसतो. राखी आणि भाऊबीज आम्ही दोघं याच विषयावर साजरी करतो.

पुसण्याबद्दल तो म्हणतो ते खोटं नाही. आमच्या लॅबमध्ये पन्नासएक मशीन आहेत. मुली त्यांवर काय काय उद्योग करतात! एकीला गाणी हवीत, दुसरीला मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो, तिसरीने कुठून तरी व्हायरस आणलेला. पूर्वी मी एकेका मशीनसमोर बसून सगळं नव्याने भरायची आणि त्यातच माझी दिवाळीची सुट्टी संपायची. मग एकदा भंगारात निघालेलं एक मशीन मी उचललं. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही फुकट वापरता येणारी एक प्रणाली त्यात टाकली आणि त्याचा सर्व्हर केला. आता काम सोपं झालं. एक मशीन मी मनासारखं लावते, सर्व्हर त्याची हुबेहूब प्रत काढून ठेवतो. हुकूम दिला की लॅबमधली सगळी मशीन बंद होतात, पुन्हा उठतात, पोटातलं जुनं साफ पुसतात आणि ती प्रत भरून घेतात. शेवटी सर्व्हर प्रत्येकाला त्याचं त्याचं नाव देतो. एका छापाची पन्नास मशीन, नावं तेवढी वेगळी.

हे मी उपेंद्रला कौतुकाने सांगायला गेले.

"म्हणजे माझंच की ताई," तो म्हणाला. "संकल्प एकच. यजमान बदलला की नाव-गोत्र बदलायचं. तू मशीनला गोत्र विचारतेस का?"

"मी दक्षिणा मागत नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर तुला कुणी विचारत नाही."

हे मला झोंबलं, कारण ते खरं होतं. आमच्या संस्थेचे सचिव चिमाजीराव गायधनी माणूस वाईट नाही, पण फुकट वस्तूवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "एवढं चांगलं असतं तर लोकांनी फुकट वाटलं असतं का मॅडम?" हा त्यांचा सवाल. विकतच्या प्रणालीचं रंगीत माहितीपत्रक त्यांच्या टेबलावर काचेखाली, देवाच्या फोटोशेजारी ठेवलेलं असायचं. माझं मशीन एकदा चारचौघांत फसलं की ते भंगारात परत जाणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि चारचौघे लवकरच जमले. लॅबला नवी टेबलं आणि वायरिंग करून देणारे सटाण्याचे कांद्याचे व्यापारी फकिरा अण्णा सोनवणे यांच्या हस्ते उद्घाटन ठरलं. फीत कापणं चिमाजीरावांना जुनाट वाटलं. अण्णांनी एक बटण दाबायचं आणि सगळी मशीन एकदम जागी व्हायची, अशी त्यांची कल्पना. मीही चढले हरभऱ्याच्या झाडावर. सर्व्हरवर अशी सोय केली की एन्टर दाबला की साऱ्या लॅबला हुकूम सुटेल, कितीही वेळा दाबा. मुलींनी दुसऱ्या मशीनवरून खोड्या करू नयेत म्हणून दुसरीही एक हुशारी केली: सर्व्हर फक्त त्याच्या स्वतःच्या कीबोर्डचं ऐकेल, बाकी कुणाचं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मुहूर्त अर्थातच उपेंद्रने काढला, सकाळचा. चौरंगावर सर्व्हर, गळ्यात झेंडूचा हार. कीबोर्डला जरीचं कापड गुंडाळलेलं, त्यातून एकटा एन्टर डोकावतोय, त्याला कुंकू. उपेंद्रने सर्व्हरची साग्रसंगीत पूजा केली, अक्षता टाकल्या आणि सगळ्यांना बजावलं, "आता उत्तरपूजा होईपर्यंत याला हलवायचं नाही. हात लागला तर पाहुण्यांचाच."

पाहुण्यांचा पत्ता नव्हता. सटाण्याला लिलावात कांदा अचानक वर चढला होता आणि अण्णा तिथून हलायला तयार नव्हते. मुहूर्त टळायला आला तशी चिमाजीरावांची घालमेल सुरू झाली. शेवटी इकडेतिकडे बघून त्यांनी हळूच स्वतःच एन्टर दाबला. "मुहूर्त साधला," ते मला कानात म्हणाले. "अण्णा आले की परत दाबतील. काय बिघडतं?"

काहीच बिघडत नव्हतं. सगळी मशीन काळी झाली, पुसली, भरली, नाव घेऊन उठली. एकही अडखळलं नाही. टाळी वाजवायला कुणी नव्हतं, म्हणून मी मनातच वाजवली.

दुपार झाली. अण्णा नाहीत. आणि सात मुली दारात उभ्या राहिल्या.

त्यांची परीक्षा होती, कधीची ठरलेली. इथल्या अंबड वसाहतीतल्या एका कारखान्याला आराखडे काढणाऱ्या मुली हव्या होत्या. कॉम्प्युटरवर एका सुट्या भागाचा आराखडा काढायचा, शेवटी पाठवायचा. कारखान्याचा माणूस कॅमेऱ्यातून बघत राहणार. नियम साधा होता: मध्येच मशीन बंद पडलं की परीक्षा बाद, पुन्हा संधी नाही. उद्घाटन नाश्त्यापर्यंत उरकेल या हिशेबाने मीच ही वेळ दिली होती. मी त्यांना मागच्या ओळीत बसवलं.

त्यांत निकिता आहेर होती. देवळा तालुक्यातली, शेतकऱ्याची पोर. तिच्या हातच्यासारखी रेघ मी इतक्या वर्षांत पाहिलेली नाही. घरच्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, ही नोकरी लागली तर नाशकात राहा, नाही लागली तर मुलगा बघून ठेवलाय. बसताना तिने मला विचारलं, "मॅडम, लाइट तर जाणार नाय ना?"

"लाइट गेली तरी मशीन चालू राहील. तू निश्चिंत बस," मी म्हटलं. आराखडे निम्मे झाले असतील, तोच फाटकापाशी ढोल वाजायला लागला. अण्णा आले होते.

मग माझ्या ध्यानात आलं. अण्णा एन्टर दाबणार. एन्टर कुणाला ओळखत नाही. साऱ्या लॅबबरोबर ती सात मशीनही काळी होणार, निकिताचा अर्धा झालेला आराखडा पुसला जाणार आणि त्यावर माझीच सुबक प्रत चढणार.

मी चिमाजीरावांना गाठलं. "साहेब, बटण दाबायचं नाही. पोरींची परीक्षा चालू आहे."

"मग उठवा त्यांना. परीक्षा उद्या घ्या."

"उद्या होत नाही ती."

"आणि अण्णा उद्या येतात का?"

मी सर्व्हरकडे धावले, तर ते आडवे आले. "अहो मॅडम, काय करताय! पूजा झालीय त्याची. एवढ्या लोकांसमोर?" लोक खरंच जमले होते, संस्थेचे सभासद, त्यांच्या बायका, फोटोग्राफर. सर्व्हरची वायर उपटली असती तर पोरी वाचल्या असत्या, पण अण्णांच्या हातून बटण फुकट गेलं असतं, आणि मग मशीन भंगारात. आज सांगते, मी वायर उपटायचंच ठरवलं होतं. सर्व्हर काय, पुन्हा बांधता येतो. फक्त वायर चौरंगाच्या मागे होती आणि चौरंगासमोर चिमाजीराव होते.

उपेंद्र कोपऱ्यात पेढा खात होता. अडला हरी म्हणतात तशी मी त्याच्याकडे गेले. हरी मी होते, बाकीचं त्याला सांगितलं नाही. झालेला प्रकार भराभर सांगितला.

"म्हणजे कीबोर्डला तुझा हात लागला की काम होईल?" त्याने विचारलं.

"ती सात मशीन हुकुमातून वगळायची आहेत. थोडा वेळ लागेल. पण तूच तर हात लावायची बंदी करून ठेवलीस!"

त्याने मागच्या ओळीकडे पाहिलं. निकिताची मान खाली, जीभ ओठांत धरलेली. उपेंद्रने पेढा संपवला, उपरण्याला हात पुसले आणि पुढे झाला. अण्णांचा हात एन्टरवर जातच होता.

"थांबा!" रामकुंडावरच्या गर्दीत घुमणारा तो आवाज, लॅब दणाणली. "अंतरपाट राहिला."

अण्णांचा हात हवेतच राहिला. चिमाजीराव गोंधळले. "बटणाला अंतरपाट?"

"पहिल्यांदा दाबताना यजमान आणि यंत्राची नजरानजर होता कामा नये," उपेंद्र गंभीरपणे म्हणाला. असलं काही कुठल्याही शास्त्रात नाही, हे मी भटाच्या घरात वाढले म्हणून सांगते. त्याने खांद्यावरचं उपरणं काढलं, एक टोक चिमाजीरावांच्या हातात दिलं, एक फोटोग्राफरच्या. "आता यंत्राची आधी उत्तरपूजा करायची, मग ते हलवायचं, मग पाहुण्यांनी दाबायचं. आणि हलवायला माहेरवाशिणीचा हात लागतो. ताई, इकडे ये."

मी उपरण्याआड वाकले. पलीकडे अण्णांचे बूट तेवढे दिसत होते. जरीचं कापड सोडलं. कीबोर्डवर हळद, कुंकू, फुलांचं पाणी. पासवर्ड टाकला, चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. एक बटण दबतच नव्हतं. नखाने उचकटून पाहिलं तर खाली अक्षतेचा दाणा अडकलेला.

डोक्यावर उपेंद्रचं चालू होतं. उत्तरपूजेचे मंत्र संपले. मग त्याने मंगलाष्टकांच्या चालीवर सगळ्या नद्यांना बोलावलं. नद्या आल्या, गेल्या. मग गोदावरीच्या दक्षिण तीरापासून संकल्प सुरू केला, एरवी आलेल्या यात्रेकरूसाठी तो उभ्याउभ्या उरकतो तोच, पण आज एकेक अक्षर ताणून. चिमाजीरावांचे हात दुखायला लागले होते, उपरणं थरथरत होतं. मधेच त्याने श्वास घेताघेता मला मंत्राच्याच सुरात विचारलं, "कुठवर आलंऽऽ?"

"पाच झालीऽऽ," मीही सुरातच म्हटलं. मागच्या बायकांनी भक्तिभावाने हात जोडले.

सहावं वगळलं. सातवं वगळलं. कापड जसंच्या तसं गुंडाळलं, सर्व्हर तसूभर सरकवला आणि भावाकडे पाहून मान हलवली.

"पुनरागमनाय च!" उपेंद्र गरजला. "सावधान!"

उपरणं बाजूला झालं, अक्षता पडल्या, अण्णांनी एन्टर दाबला. पुढच्या सगळ्या ओळी एकदम काळ्या झाल्या. लोकांनी "आँ" केलं. मग एकेक मशीन उजळू लागलं, आणि प्रत भरून होईपर्यंत चिमाजीरावांनी अण्णांना चहा पाजला. परत आले तेव्हा सगळी मशीन आपापलं नाव दाखवत उभी होती. टाळ्या कडाडल्या.

चिमाजीरावांनी उपेंद्रला हळूच विचारलं, "गुरुजी, मागची सात नाही झाली काळी?"

"सप्तमातृका," उपेंद्र म्हणाला. "त्यांना उठवायचं नसतं."

अण्णा तोवर मागच्या ओळीत पोचलेही होते. निकिताच्या मागे जाऊन उभे राहिले. "काय करी ऱ्हायनी बेटा?" त्यांनी विचारलं. निकिताने वर पाहिलं नाही. मी काही बोलणार तर त्यांनीच मला हाताने थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या. वर देखत नही, म्हंजे काम खरं शे. लिलावात बी असंच ऱ्हातं." मग चिमाजीरावांकडे वळले. "पोरींची परीक्षा शे हे आधी सांगायचं ना! मी नारळ फोडला असता अन् गेलो असतो. बटन दाबायला मी काय लहान पोरगं शे का?"

चिमाजीरावांनी घाईघाईने त्यांच्यापुढे पेढ्यांचं ताट धरलं. मीही त्यातला एक उचलला.

निकिताला नोकरी लागली. तिने एक पेढ्यांचा पुडा सर्व्हरपुढे ठेवला, आणि दुसरा घेऊन आपण होऊन रामकुंडावर गेली. उपेंद्रने तो पुडा घरी कुणाला उघडू दिला नाही, आधी मला बोलावलं. माझ्या भावाचा मला आयुष्यात पहिल्यांदा अभिमान वाटला, आणि तो मी त्याच्या तोंडावर बोलून दाखवला. त्यावर तो पेढाच खात बसला.

सर्व्हरही राहिला. काचेखालचं माहितीपत्रक गेलं. मी कारण विचारलं तर चिमाजीराव म्हणाले, "संस्थेने त्याच्या पूजेची दक्षिणा दिलीय मॅडम. आता ते फुकटचं कसं?"

परवा अण्णांनी आणखी एक मशीन पाठवलं. मी ते सर्व्हरला जोडलं, नाव टाकलं आणि जरा थांबले. उपेंद्रला फोन लावला. घाटावर गर्दी होती, त्याच्या मागे कुणाचा तरी संकल्प चालू होता.

"नवीन मशीन आलंय," मी म्हटलं. "नाव दिलं. गोत्र काय लिहू?"

तो हसला नाही. माझा अंदाज होता तो हसेल, चिडवेल.

"काश्यप लिही," तो म्हणाला. "ज्याचं गोत्र माहीत नसतं त्याचं काश्यप. आम्ही कुणालाच परत पाठवत नाही, ताई."

मी काश्यप लिहिलं आणि एन्टर दाबला.